कामठ्याची कड

पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरची माणसे सकाळी उठल्यावर घड्याळाकडे पाहत नाहीत, डोंगराकडे पाहतात. खारघरचा तो लांबलचक डोंगर आमच्या सज्जातून अगदी समोर दिसतो. पहिले चार मोठे पाऊस पडून गेले, की त्याच्या काळ्या अंगावरून पाण्याचे पांढरे धागे उतरू लागतात. त्या धाग्यांत सर्वांत ठसठशीत जो लोट दिसतो तो पांडवकडा. त्याची उंची १०७ मीटर आहे. पांडव वनवासात असताना येथे स्नानाला आले होते, असे लोक सांगतात. महाराष्ट्रात पांडव गेले नाहीत असा डोंगर शोधूनच काढावा लागेल. तेव्हा ह्या कथेवर कोणी किती विश्वास ठेवावा, हे मी काही सांगत नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट. शाळेला पावसाची सुटी मिळाली होती. माझी नात सज्जाच्या कठड्याला रेलून तो धबधबा पाहत होती. ती सहावीत आहे. बराच वेळ ती गप्प होती, आणि ती गप्प असली म्हणजे पुढे एखादा अवघड प्रश्न येणार, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

"आजोबा, पांडव इथं आले तेव्हा अर्जुनाजवळ धनुष्य असेल ना?"

"असणारच."

"ते कशाचं होतं? लाकडाचं?"

गांडीव कशाचे होते ह्याविषयी मी काही बोलणार, इतक्यात तिने खरी गोष्ट बाहेर काढली. यंदाच्या स्नेहसंमेलनात एकलव्यावर एक नाटुकले बसायचे होते आणि एकलव्याची भूमिका तिला मिळाली होती. बाजारातले प्लॅस्टिकचे धनुष्य तिला नको होते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून तिची चित्रे आमच्या भिंतीवर लागलेली आहेत. परंतु तिच्यासारखे चाकांचे, धातूचे धनुष्य एकलव्याच्या हातात शोभणार नाही, हे नातीला कळत होते. तिला हवे होते खरे, लाकडाचे, वाकणारे धनुष्य.

"तुम्ही लहानपणी केलं होतंत ना एक? आजी म्हणत होती."

"केलं होतं," मी म्हणालो. "म्हणजे, करताना पाहिलं होतं." आणि चष्मा पुसण्याचे निमित्त करून मी तो विषय तेवढ्यापुरता बाजूला सारला.

पण मुलांच्या मनातला विषय असा बाजूला सरत नाही. खारघरच्या डोंगरावर आदिवासींचे पाडे आहेत. तिथली माणसे पावसाळ्यात रानभाज्या घेऊन खाली आमच्या वसाहतीत विकायला येतात. टाकळा, करटोली, असे काय काय त्यांच्या टोपल्यांत असते. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर कावड घेऊन येत. त्या दिवशी करटोली घेता घेता माझे लक्ष त्यांच्या कावडीच्या दांड्याकडे गेले. दांडा जुना, तेलकट, काळपट झालेला होता. पण दोन्हीकडचे ओझे उतरताच तो सरळ होई आणि उचलताच अलगद वाके.

"बाबा, हे लाकूड कसलं?" मी विचारले.

"धामण हाय, मास्तर."

धामण! संस्कृतात ह्या झाडाला 'धन्वन' म्हणतात, आणि दुसरे नाव आहे 'धनुर्वृक्ष'. वाकावे पण मोडू नये, हा ह्या लाकडाचा स्वभाव. म्हणूनच कुऱ्हाडीच्या दांड्याला, कावडीला आणि धनुष्याला ते शतकानुशतके वापरले गेले. म्हाताऱ्या बाबांना मी नातीची हौस सांगितली. ते हसले. म्हणाले, "नवीन दांडा करायचाच हाय. ह्यो तुमालाच ठेवा." पैसे घ्यायला ते तयार नव्हते, शेवटी मी त्यांच्या टोपलीतली सगळी करटोली विकत घेतली, आणि पुढे तीन दिवस आमच्या घरी तीच भाजी झाली.

कामाला आरंभ झाला तो दिवाळीच्या सुटीत. मी जन्मभर मराठी शिकवले, सुतारकी नव्हे. तरी पण गॅलरीत चटई टाकून, कोयता, रंधा आणि कानस पुढे मांडून आम्ही दोघे बसलो, तेव्हा पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका माणसाचे हात माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्या हातांनीच मला पुढचे सगळे सांगितले.

धनुष्याला आमच्याकडे कामठा म्हणतात. तीर आणि कामठा मिळून तीरकामठा. कामठ्याला दोन अंगे असतात. नेम धरणाऱ्याकडे वळलेले ते पोट आणि बाहेर, निशाणाकडे वळलेली ती पाठ. दोरी ओढली म्हणजे पोटाचे लाकूड दाबले जाते आणि पाठीचे ताणले जाते. पाठीला शक्यतो हत्यार लावायचे नाही. झाडाने सालीखाली जी शेवटची थराची रेघ घातलेली असते, ती तुटू न देता अखंड ठेवायची. जे काही तासायचे ते पोटाच्या बाजूने. मधोमध मुठीची जागा जाड राहते आणि तिथून दोन्ही टोकांकडे लाकूड हळूहळू निमुळते होत जाते. हे सारे मी नातीला सांगत होतो, आणि ती हातातल्या पेन्सिलीने दांड्यावर रेघा आखत होती. दांडा उभा चिरून त्याची एक फाक आम्ही घेतली. तिच्या उंचीच्या मानाने साडेचार फूट लांबी पुरेशी झाली. तासण्याचे मोठे काम चार दिवसांत उरकले. त्यात विशेष असे काही घडले नाही. माझी पाठ दुखली आणि गॅलरीतल्या ढलप्यांवरून आमच्या घरी थोडा वाद झाला, एवढेच.

मग दोरी सैल बांधून आम्ही कामठा थोडा थोडा वाकवून पाहू लागलो. ही परीक्षा मोठी गमतीची असते. दोन्ही बाहू सारखे वाकायला हवेत. जो कमी वाकतो तो बळकट. त्याच्या पोटाचे लाकूड अगदी थोडे खरवडायचे आणि पुन्हा पाहायचे. नवशिका माणूस नेमके उलट करतो. जिथे वाकते तिथेच तो आणखी खरवडतो, आणि दुबळ्याला अधिक दुबळा करून ठेवतो. आमचा डावा बाहू थोडा पिळला जात होता. त्याचे कारण कडेत होते. एका बाजूची कड दुसरीपेक्षा जाड राहिली होती, म्हणून बाहू बारीक कडेच्या बाजूला कलत होता. जाड कडेवरून काचेच्या तुकड्याने वीस-पंचवीस हात मारले, तेव्हा तो सरळ झाला. नातीला ह्याचे फार नवल वाटले. एवढ्या लांब लाकडाला एवढीशी कड कशी काय वळवते, असे ती पुन्हा पुन्हा विचारू लागली.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत आलो, तर ती माझ्या आधीच येऊन बसलेली. तिच्याजवळ सोनेरी कागद होता, डिंक होता, आणि कामठ्याच्या कडेवर तिने पेन्सिलीने एक सुंदर वेल काढली होती. प्रत्येक पानाच्या ठिकाणी एक छोटीशी खाच.

"आजोबा, मला तुमचा चाकू द्या. एवढी पानं कोरते आणि वर सोनेरी कागद लावते. लांबून कसं झळकेल बघा!"

माझा चहा हातातच राहिला. तोच सोनेरी कागद. त्याच खाचा. मला वाटले, कोणी तरी माझे बारावे वर्ष उचलून आणून त्या चटईवर ठेवले आहे.

"चाकू देतो," मी म्हणालो. "पण त्याआधी तुला एक गोष्ट सांगतो. ही मी तुझ्या आजीलाही पुरती सांगितलेली नाही."

मी १९७१ साली बारा वर्षांचा होतो. कर्जतच्या बाजूला, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव. त्या काळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते; रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. गावाबाहेर ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी होती. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. पण आमच्या वेळेस तो धंदा जवळपास उरला नव्हता, आणि वाडीतली माणसे मोलमजुरीवर जगत. त्या वाडीतून आमच्या वर्गात येणारा मुलगा एकच. तो माझ्या शेजारी बसे. पाढ्यांत तो माझ्या मागे होता, आणि बाकी बहुतेक गोष्टींत पुष्कळ पुढे. बोरीच्या झाडावरचे नेमके पिकलेले बोर तो खालून दगडाने पाडी, आणि पडलेल्या बोरांतले अर्धे मला देई.

त्या वर्षी संमेलनात एकलव्याचेच नाटक होते. मला अर्जुनाची भूमिका मिळाली. एकलव्य झाला होता गावातल्या एका सुखवस्तू घरचा मुलगा. ज्याला खरोखर धनुष्य धरता येत होते, त्या माझ्या मित्राला काहीच भूमिका नव्हती. गुरुजींनी त्याला एवढेच सांगितले, की तुझ्या बापाकडून दोन चांगली धनुष्ये करून आण. हे मला तेव्हा वावगे वाटले नाही. आज एवढ्या वर्षांनी सांगताना वाटते. पण तेव्हा मी माझ्या मुकुटाच्या विचारात गढलो होतो.

त्याच्या वडिलांना आम्ही सगळी मुले आबा म्हणत असू. वाडीतली माणसे एरवी बांबूचा कामठा करीत. आबांनी मात्र आमच्यासाठी धामणीचे लाकूड निवडले. रोज शाळा सुटली की मी मित्राबरोबर ओढा ओलांडून आबांच्या अंगणात जाऊन बसे. त्यांच्याजवळ हत्यारे दोनच होती, एक कोयता आणि फुटलेल्या बाटलीच्या काचा. त्या काचेने ते लाकडावरून लांब, एकसारखा हात फिरवीत, आणि कागदासारखी पातळ कुरळी साल लाकडातून सुटून त्यांच्या मांडीवर पडे. काच थरथरली, तर लाकडावर बारीक बारीक लाटा उमटतात. मग ते हात तिरका धरून त्या लाटा मोडीत. काम करताना ते फार कमी बोलत.

दोन्ही कामठे वाकवून सारखे झाले, तेव्हा माझा धीर सुटला. संमेलनाला अजून दहा-बारा दिवस होते. पण अर्जुनाचे धनुष्य घरी नेऊन सर्वांना दाखवण्याची मला घाई झाली होती. मी म्हणालो, "आबा, झाला की हा!"

"नाय झाला," आबा म्हणाले. "कडा मोडायच्या हायत. कामठा पोटातनं मोडत नाय, पोरा. कडेतनं मोडतो."

मी हट्ट धरला. शेवटी ते म्हणाले, "ने. पण दोरी वढू नको. चार दिसांनी आण, मंग कडा मोडून देतो."

कामठा मी घरी आणला. दिनदर्शिकेवरच्या चित्रातल्या अर्जुनाच्या धनुष्याला कशी नक्षी होती! माझे मात्र साधे, उघडेवागडे लाकूड. रात्री कंदिलाजवळ बसून मी खिशातल्या चाकूने त्याच्या कडांवर खाचा पाडल्या, कंगोऱ्यासारख्या, आणि वर सोनेरी कागद चिकटवला. फार सुरेख दिसू लागले. चार दिवसांनी काही मी ते आबांकडे नेले नाही. नेले असते तर त्यांनी कागद काढायला लावला असता.

रंगीत तालमीच्या दिवशी आवेशाने मी दोरी पार कानापर्यंत ओढली. कडकन आवाज झाला. वरचा बाहू मध्येच तुटला, आणि दोरीला बांधलेले त्याचे टोक गोफणीसारखे फिरून माझ्या मित्राच्या कपाळावर बसले. तो मला तीर द्यायला शेजारीच उभा होता. भुवई फाटली. डोळा एका बोटाच्या अंतराने वाचला.

दुसऱ्या दिवशी आबांना शाळेत बोलावले. गुरुजी संतापले होते. "कुजकं लाकूड देऊन मोकळे झालात! स्वतःच्याच पोराचा डोळा गेला असता! करता येत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं!" आम्ही सगळी मुले पाहत होतो. आबांनी टेबलावरचे दोन तुकडे उचलले. तुटलेल्या जागेजवळून त्यांनी कडेवर अंगठा फिरवला. अंगठा थांबला. त्यांनी सोनेरी कागद नखाने सोलला. खाली माझ्या चाकूची खाच होती, आणि भेग नेमकी तिच्यातून निघाली होती.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. चाकू तेव्हाही माझ्या खिशात होता. त्यांनी ते तुकडे पुन्हा टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "लाकूड चांगलं व्हतं, गुरुजी." एवढेच. मग ते निघून गेले. मी बोललो नाही.

माझा मित्र दोन दिवसांनी कपाळाला फडके बांधून आला आणि नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "बा दुसरा करतोय. पण आता कडा मोडल्याबिगर देनार नाय, म्हंतो." त्याला सगळे ठाऊक होते, हे मला कळले. दुसरा कामठा संमेलनाच्या आदल्या दिवशी आला. त्याच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत होत्या. त्या हातात धरून मी अर्जुन झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा काही नाटक पाहायला आले नव्हते.

त्या वर्षी त्यांना गावातच काम होते. पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि वाडीतली बहुतेक बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर गेली, त्यांत त्यांचेही गेले. पावसाळ्यापूर्वी बिऱ्हाड परत आले. पण मित्र शाळेत आला नाही. मी ओढ्यापर्यंत दोनतीनदा गेलो. पलीकडे गेलो नाही.

गोष्ट ऐकताना नातीने गुडघ्यांभोवती हात घातले होते. तिने सोनेरी कागदाची गुंडाळी बाजूला सरकवली. पण तिच्यातला चिकित्सक अजून जागाच होता. ती म्हणाली, "पण आजोबा, एवढ्याशा खाचेनं एवढं लाकूड कसं तुटेल?"

मी घरात जाऊन चिवड्याचे एक पुडके आणले. "कडा पाहा. करवतीसारखे दाते का ठेवलेत? मधून फाडून दाखव बरं." तिने मधून ओढून पाहिले, पुडके ताणले गेले, पण फाटेना. दात्याशी धरून ओढले, तोच चर्रकन फाटले. कापडाच्या दुकानातला माणसाचा हात तुम्ही पाहिला असेल. तो कापडाच्या काठाला कात्रीने एक एवढीशी चीर देतो आणि पुढचे दोन मीटर कापड नुसत्या हाताने सरळ फाडतो. काठ शाबूत असतो तोवर ताण सगळ्या धाग्यांत वाटला जातो. एक चीर पडली, की तो सगळा तिच्या टोकाशी गोळा होतो. लाकडाचेही तसेच आहे. तेही धाग्यांचेच विणलेले असते. पाठीच्या धाग्यांवर सर्वांत अधिक ताण येतो, आणि त्यांतले जे धागे टोकदार कडेवर असतात त्यांना एकाच बाजूने शेजारी असतो. तिथला एखादा धागा उचकटला, की त्याच्याखालचा उचकटतो, मग त्याच्याखालचा. कड गोल केली, म्हणजे एकटा पडलेला असा धागाच उरत नाही.

चिवडा आम्ही खाल्ला, आणि कडा मोडायला बसलो.

कड मोडणे म्हणजे कड घालवणे नव्हे. कामठ्याला चार कडा असतात, दोन पाठीच्या आणि दोन पोटाच्या. प्रथम कानशीने प्रत्येक कडेवर तिरका, सपाट पट्टा पाडायचा. म्हणजे चाराचे आठ कोपरे होतात. मग त्या आठांवर पुन्हा हलके हात मारायचे, आठाचे सोळा होतात. सोळा झाल्यावर कोपरे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना मात्र कळतात. तिथून पुढे काच आणि पॉलिशपेपर. हत्यार नेहमी जाडीकडून निमुळत्या भागाकडे, म्हणजे मुठीकडून टोकाकडे चालवायचे. उलट चालवले, तर ते धाग्यांच्या खाली शिरते आणि ढलपी उचलते. पाठीच्या कडेवर तर फारच जपून. तिथे अखंड थराला शक्य तितका कमी धक्का लावायचा. मधूनमधून कामठा डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून एक डोळा मिटून कडेची रेघ पाहायची. जिथे ती रेघ उंचवटा किंवा खड्डा दाखवील, तिथे काम राहिले आहे असे समजावे.

हे काम दिसत नाही, हाच त्यातला त्रास. तासताना ढलप्या उडतात, लाकडाचे धनुष्य होताना दिसते, पाहणारा वाहवा करतो. कडा मोडताना मात्र तासाभराने चिमूटभर भुसा पडतो आणि धनुष्य होते तसेच दिसते. नातीच्या आईने दोनदा येऊन विचारले, "अजून तेच चाललंय का?"

हात चालत होते, तसे बोलणेही चालले होते. मी नातीला आल्प्स पर्वतातल्या हिममानवाची हकीकत सांगितली. १९९१ साली इटली आणि ऑस्ट्रिया ह्यांच्या सीमेवर बर्फात एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा होता. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, आणि १ मीटर ८२ सेंटिमीटर लांबीचे, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे एक धनुष्य होते. ते धनुष्य अपुरे होते. कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा त्याच्या अंगावर अजून तशाच दिसतात. घासून गुळगुळीत करण्याचे काम राहून गेले होते. भात्यात चौदा बाण होते, त्यांतले दोनच पुरे झालेले. पुढे २००१ साली त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाचे टोक रुतलेले आढळले. दुसऱ्या कोणाचा तरी बाण आधी तयार झाला होता.

"म्हणजे त्याला वेळ मिळाला नाही," नात म्हणाली.

"नाही मिळाला."

"तुम्हाला मिळाला होता."

मी काच थांबवली. तिने ते मला टोचावे म्हणून म्हटले नव्हते. हिशेब केल्यासारखे म्हटले होते. मुले हिशेब बरोबर करतात.

"मग तुम्ही नंतर आबांना सांगितलंत का? मोठे झाल्यावर?"

"नाही. मी शिक्षक होऊन गावी गेलो, तेव्हा आबा नव्हते. वाडीतली घरंही पांगली होती."

"आणि तुमचे मित्र?"

"त्याचा पत्ता कोणाला सांगता आला नाही."

तिने पुढे काही विचारले नाही. तिने काचेचा तुकडा उचलला. त्याची एक बाजू मी आधीच जाड फडक्यात गुंडाळून दिली होती. वेलीच्या पेन्सिलीच्या रेघांवरून ती हळूहळू हात फिरवू लागली. एकेक पान पुसले जात होते. वेल गेली, तेव्हा खाली धामणीचा फिकट तांबूस रंग निघाला, आणि त्यात झाडाच्या स्वतःच्याच बारीक रेघा होत्या.

त्या दिवशी दुपार झाली, संध्याकाळ झाली. समोरच्या डोंगरावर पाडे असलेल्या बाजूला दिवे लागले. पांडवकडा ह्या दिवसांत दिसत नाही. पाणी आटलेले असते आणि नुसता काळा कडा उभा असतो. आम्ही जवसाचे तेल वाटीत काढून ठेवले होते. तेल चोळून, गुळगुळीत बाटलीने कडा दाबून घासल्या, की दुसऱ्या दिवशी दोरी चढवायची असे ठरले होते. तिने कामठा मांडीवर घेतला. आबा धरीत तसाच, हे मी तिला शिकवले नव्हते. डोळे मिटून तिने मुठीपासून टोकापर्यंत अंगठा फिरवला, मग दुसऱ्या कडेवरून, मग तिसऱ्या. चौथ्या कडेवर, टोकापासून वीतभर अलीकडे, तिचा अंगठा थांबला.

"आजोबा, इथं अजून बोट अडकतंय."

मी चष्मा लावून दिव्याखाली पाहिले. काही दिसेना. मग मी माझा अंगठा फिरवला. होते; केसाएवढे होते, पण होते.

मी तेलाची वाटी झाकून ठेवली, आणि काच पुन्हा हातात घेतली.